फौजेतून आलेली गणपती-दिवाळीची पत्रं: कोकणातल्या घरात ती कशी जपायची आणि कशी वाचायची

कोकणात फौजी घर शोधायला लांब जावं लागत नाही. महाड, पोलादपूर, माणगाव, मंडणगड, दापोली, खेड, संगमेश्वर, खाली सावंतवाडीपर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, कोणाचा तरी पणजोबा मेसोपोटेमियाला (आजच्या इराकला) जाऊन आलेला असतो, कोणाचे आजोबा इटली नाहीतर बर्मात, आणि एखादा काका ६५ ला किंवा ७१ ला बॉर्डरवर. महाड तालुक्यातल्या एका गावाला तर फौजी आंबवडे असंच म्हणतात. आणि या घरांतून माळ्यावर एक ट्रंक असते, वर नाव-नंबर रंगवलेली, आत मेडल, पेन्शनचं बुक, एखादा ग्रुप फोटो आणि सगळ्यात खाली सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा.

जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला घेतलं की ही ट्रंक खाली येते आणि मग काय होतं ते सगळ्यांना माहितीय. मेडल मुंबईवाला भाऊ नेतो, फोटो फ्रेम होतो, पत्रांतली दोन-चार ज्यात बंदूक, तोफ, दुश्मन असे शब्द दिसतात ती ठेवतात, आणि बाकीची "यात काय नाय, नुसती खुशाली आणि गणपतीचा नमस्कार आहे" म्हणून बंबात किंवा रद्दीत. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. लढाईचं वर्णन फौजीच्या पत्रात फार मिळत नाही कारण सेन्सॉर ते ठेवतच नव्हता, पण सणाच्या पत्रात माणूस हजारो मैलांवर बसून घर चालवत असतो, आणि ते सेन्सॉरला खटकायचं काही कारणच नव्हतं. म्हणून सणाची पत्रं आधी वाचवा. ती कशी वाचवायची, तारीख कशी लावायची आणि "नुसती खुशाली" म्हणजे काय हे कसं वाचायचं ते सगळं खाली लिहितोय, जरा लांबलंय, पण घाई करण्यासारखं हे काम नाहीच.

आधी मुहूर्त: पावसात ट्रंक उघडू नका

जून ते सप्टेंबर हा गठ्ठा सोडायचा नाही. आपल्याकडे पावसात हवेतच इतकं पाणी असतं की कागद अर्ध्या दिवसात नरम पडतो, घड्या चिकटतात आणि उलगडताना फाटतात. सगळ्यात बरा काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर, दव उडून गेल्यावर. जागा ओटीवर किंवा पडवीत बघा, वारा जोरात नको, ऊन थेट नको. खाली स्वच्छ धुतलेली पांढरी चादर टाका म्हणजे सुटलेलं तिकीट किंवा कोपरा पडला तर दिसतो.

हात धुवून पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम काही नको. हातमोजे घालायची हौस असते लोकांना पण कापडी मोज्यांनी कागदाची जाड-पातळ समजत नाही आणि कोपरे मोडतात, स्वच्छ हात पुरे. मोजे आणि मास्क लागतो तो बुरशी असेल तर, आणि तेव्हा तो खरंच लागतो, एन-९५ लावा, घराबाहेर बसा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने बुरशी झाडा. ओल्या फडक्याने पुसायचं डोक्यातसुद्धा आणू नका.

गठ्ठा सोडायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. पत्रं ज्या क्रमाने बांधलीत तो क्रम ज्याने बांधली त्याने काहीतरी विचार करून लावलेला असतो, बहुतेक वेळा आजीने. एकदा पत्त्यांसारखी पिसली की तो क्रम गेला. पाकीट आणि आतलं पत्र कधीही वेगळं करायचं नाही, कारण निम्मी माहिती पाकिटावर असते. प्रत्येक पाकिटाला एक नंबर द्या, तो साध्या मऊ शिसपेन्सिलने, मागच्या कोपऱ्यात, बारीक. बॉलपेनने अजिबात नाही.

कागदाची तब्येत

टाचण्या आणि स्टेपलर पिना आधी काढा. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंज कागद खातो. ओढून काढू नका, पिनेच्या पायाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून पाय सरळ करा, मग वर उचला. सेलोटेप लावलेली असेल तर ती तशीच राहू द्या, ओढलीत तर अक्षरं टेपबरोबर येतील. आणि नवीन टेप लावायची नाही, फेविकॉल नाही, आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही, लॅमिनेशन म्हणजे कागदाला कायमचं आत कोंडणं आहे, ते परत काढता येत नाही.

आता शाई. जांभळट अक्षर दिसलं तर सावध व्हा. त्या काळी कॉपिंग पेन्सिल नावाची एक पेन्सिल फौजेत खूप वापरत, दिसायला शिसपेन्सिल पण पाण्याचा थेंब लागला की जांभळी शाई होऊन पसरते. दौत-टाक सांभाळण्यापेक्षा ती सोयीची, म्हणून खंदकातली, बोटीवरची, हॉस्पिटलातली कितीतरी पत्रं तिने लिहिलेली. त्या पत्रावर घामाचा थेंब पडला तरी एक शब्द जातो. तपकिरी झालेली शाई असेल तर ती बहुधा लोहाची जुनी शाई, ती काही वर्षांनी कागदाला आरपार भोकं पाडते, अशी पत्रं घडीवर जास्त वाकवू नका.

पुराचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे तो प्रश्न खराच आहे. २६ जुलै २००५ ला महाड-चिपळूण, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुड-दिवेआगरकडे उडालेली छपरं, २२ जुलै २०२१ ला परत चिपळूण. पाण्यात गठ्ठा भिजला तर चिकटलेल्या ओल्या पत्रांना एकमेकांपासून ओढून सोडवायला जाऊ नका. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, तेवढाच वेळ असतो हातात. थोडीच असतील आणि आपणहून सुटी होत असतील तर टिपकागद किंवा साधा न छापलेला टिश्यू मध्ये घालून सपाट पसरा, पंखा लावा पण त्याचा झोत कागदावर नको, टिपकागद बदलत राहा. उन्हात वाळवू नका, इस्त्री फिरवू नका. खूप असतील किंवा लाईटच नसेल तर गठ्ठा तसाच झिपच्या पिशवीत घालून ज्या नातेवाईकाकडे डीप फ्रीझर चालू आहे त्याच्याकडे टाका. गोठलं की सगळं थांबतं, आणि मग सवडीने काय करायचं ते करता येतं. मासळीशेजारी ठेवायला घरातली बाई तयार होईल का हा वेगळा विषय.

कुठल्या लढाईतलं पत्र हे कसं ओळखायचं

पत्रावर इसवी सन असेलच असं नाही. "मु. पलटण, ता. ५" एवढ्यावर भागवलेलं असतं. पण खुणा बऱ्याच असतात.

पाकिटावर तिकीट नसून फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का आणि नंबर असेल, शिवाय "ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस" असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर ते दोन महायुद्धांपैकी एकाचं समजायला हरकत नाही. बाजूला त्रिकोणी, ढालीसारखा किंवा गोल, आत नंबर असलेला सेन्सॉरचा शिक्का शोधा. फील्ड पोस्ट ऑफिसच्या नंबरावरून ते तेव्हा कुठल्या मुलखात होतं याच्या याद्या टपाल-संग्राहकांनी तयार केल्यात, तिकीटं जमवणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला फक्त शिक्क्याचा फोटो पाठवा.

पहिल्या महायुद्धाची पत्रं कमी सापडतात. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या आणि डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमाऱ्याला वेढ्यात अडकल्या, म्हणजे त्या वर्षीची संक्रांत, शिमगा, पाडवा हे सगळं वेढ्यात. त्या काळातलं एक पोस्टकार्ड जरी घरात असेल तर तुमच्याकडे खरोखर दुर्मिळ वस्तू आहे. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉर ऑफिसने केलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही बघायला मिळतात, पण ते उतारे, मूळ पत्रं नव्हेत. मूळ कागद ज्याच्या घरी आला त्याच्याच घरी.

दुसऱ्या महायुद्धाच्या गठ्ठ्यात एखादा तळहाताएवढा चकचकीत फोटोसारखा कागद मिळाला तर तो एअरग्राफ. मोठ्या फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा बारीक फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानाने न्यायची आणि पोचल्या ठिकाणी छापून वाटायची, वजन वाचवायची युक्ती. नाताळला त्यावर चित्र छापलेले तयार फॉर्मही मिळत. आणि छापील कैदी-पोस्टकार्ड मिळालं तर नीट बघा, कारण २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा मराठ्यांची दुसरी बटालियन तिथेच होती, आणि त्याआधी १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर कितीतरी हिंदी सैनिक जपान्यांच्या ताब्यात गेले.

स्वातंत्र्यानंतरचं सोपं आहे. निळसर इनलँड पत्र म्हणजे ऑक्टोबर १९५० नंतरचं. "नये पैसे" दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. "जमादार" हुद्दा असेल तर १९६५ च्या आधीचं, कारण त्या वर्षी त्याचं नायब सुभेदार झालं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ म्हणजे आपल्या आर्मीचं टपाल. नेव्हीत असेल तर फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. आणि गावाचा पत्ता "जि. कुलाबा" किंवा मालवण-कुडाळला "जि. रत्नागिरी" असेल तर १९८१ च्या आधीचं, रायगड हे नाव आणि सिंधुदुर्ग जिल्हा दोन्ही त्याच वर्षातले. अर्थात म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं कुलाबाच लिहीत राहिली, तेव्हा ही खूण एकटीच धरू नका.

मनीऑर्डरचं कूपन फेकू नका हे मोठ्याने सांगतो. कोकण जगलंच मनीऑर्डरवर. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची आणि सणाच्या वेळी लोक ती अक्षरशः कडेपर्यंत भरून काढत. त्यावर रक्कम असते, शिक्का असतो, तारीख असते, आणि मजकूर असा की "यात गणपतीचे आणि मोठ्याच्या वहीपुस्तकाचे." एका चिटोऱ्यात एवढं मिळत असेल तर अजून काय पाहिजे.

सणावरून तारीख काढायची

इथे सणाची पत्रं खरी कामाला येतात, कारण तारीख नसली तरी तिथी असते, "आज गौरी आवाहन", "उद्या नरकचतुर्दशी". शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८६६ हे १९४४, आणि पौष-माघ-फाल्गुनातलं पत्र जानेवारीतलं किंवा त्यानंतरचं असेल तर ७९. मग जुनं पंचांग किंवा नेटवरचं पंचांग कॅल्क्युलेटर घ्या आणि तारीख काढा.

एक खड्डा मात्र सांभाळा. पलटणीत पत्र लिहून देणारा उत्तरेकडचा असेल तर त्याचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षात त्याचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो. त्याचा भाद्रपद वद्य तो आपला श्रावण वद्य. शुद्ध पक्षात काही फरक नाही. तारीख महिन्याने चुकतेय असं वाटलं की आधी हे तपासा, आणि दुसरं म्हणजे त्या वर्षी अधिक महिना होता का ते.

तारीख लागली की तिच्या बाजूला लढाईचं काय चाललेलं ते मांडा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला. म्हणजे तिथल्या कोकणी जवानाने घरी पाठवलेला गणपतीचा नमस्कार त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी लिहिलेला. पत्रात त्यातलं काही नसेल, असूच शकत नव्हतं, पण तारीख लावल्यावर तुम्हाला ते माहिती असतं.

१९६५ चं तर बघा. ३० ऑगस्टला गणपती बसले, १ सप्टेंबरला छांबला हल्ला झाला, ६ तारखेला आपली फौज लाहोरच्या बाजूला घुसली आणि अनंत चतुर्दशी ९ ला. अख्खी लढाई पेटली तेव्हा घरोघरी गणपती होते. तुमच्या गठ्ठ्यात ऑगस्टचं "गौरीला येतो" आणि नंतरचं दोन ओळींचं "रजा रद्द झाली, काळजी नसावी" अशी जोडी असेल तर ती शेजारी शेजारी ठेवा. १९६२ ला दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती, चीनची लढाई २० ऑक्टोबरला सुरू झालेली. १९९९ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे वटपौर्णिमा जूनच्या शेवटी गेली, कारगिल ऐन भरात असताना.

पोचल्याचा शिक्का पाकिटाच्या मागे बघा. पावसात किनाऱ्याच्या बोटी बंद, त्यामुळे टपाल घाटातून येणार, आणि त्याआधी समुद्रापलीकडून, सेन्सॉरमधून. गणपतीला लिहिलेलं पत्र दिवाळीच्या फराळाला पोचलेलं दिसलं तर गोंधळू नका, लिहिल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. मधले दिवस घर कुठल्या अवस्थेत असेल ते त्यावरूनच कळतं.

वाचायचं कसं

जुनी पत्रं मोडीत असतील तर घाबरू नका. शाळेतून मोडी १९५० च्या दशकात गेली, त्यामुळे आपल्या पिढीला ती येत नाही, पण महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात, आणि तिथून शिकून आलेले वाचक गावोगाव आहेत. त्यांना मूळ पत्र देऊ नका, स्कॅन द्या.

मग मायना. "तीर्थरूप बाबांचे सेवेशी, बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील क्षेम जाणून आपले क्षेम कळवीत जावे." हा साचा आहे, त्यात माणूस शोधत बसू नका, तो कुठे संपतो तेवढं बघा. "पत्रास कारण की" च्या पुढे खरा माणूस सुरू होतो, आणि "कळावे" च्या पुढे, उरलेल्या कोपऱ्यात आडवं लिहिलेलं असतं ते तर हमखास वाचा. जागा संपल्यावर माणूस जे कोंबतो ते सांगितल्याशिवाय त्याला राहवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, हे पत्र किती हातांतून गेलंय ते लक्षात घ्या. सांगणारा जवान, कित्येकदा लिहिणारा दुसराच कोणीतरी लिहितावाचता सोबती, मग सेन्सॉर अधिकारी, मग गावात पोस्टमन आणि वाचून दाखवायला शाळेतले गुरुजी, आणि ऐकायला सगळी वाडी ओटीवर. अशा पत्रात बायकोला उद्देशून काय लिहिणार? तिचं नावसुद्धा घेत नसत. म्हणून "घरातील मंडळींनी प्रकृतीस जपावे" किंवा "धाकटीचे आईस सांगणे की" अशी वाकडी वाट असते. ती ओळ सापडली की थांबा, ती तिच्यासाठीच आहे. आणि एकाच जवानाच्या पत्रात अक्षर बदललेलं दिसलं तर लगेच कुठला अर्थ लावू नका, बहुतेक वेळा लिहून देणारा बदललेला असतो, बदली झाली, आजारी पडला, किंवा वाईटही असू शकतं, पण अक्षर बदललं कुठल्या तारखेपासून एवढं नोंदवून ठेवा.

आता मुद्द्याचं. सणाच्या पत्रात तो काय सांगतो याच्यापेक्षा काय विचारतो त्याची यादी करा. एक वही घ्या, डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला फक्त त्याचे प्रश्न. समजा पत्रात असं आहे: पाट शाळेत (म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे) दिला का. माटवीला (गणपतीवर टांगतात त्या लाकडी चौकटीला) कवंडळं, म्हणजे रानातली फळं, कोणी आणली. यंदा पाळी आपली की मोठ्या घरची. मागच्या पडवीची कौलं फिरवली का. काळ्या गायीचं काय झालं. शिमग्याला पालखी सहाणेवर (पालखीच्या चौथऱ्यावर) कधी बसणार, आणि आपल्या मानाचं कोण धरणार. वरवर सगळं किरकोळ. पण पाट शाळेत कोणी द्यायचा हे विचारतोय म्हणजे जो दरवर्षी देतो तो तोच असणार आणि तो घरी नाही. कौलांचं विचारतोय म्हणजे गेल्या पावसात तिथे गळत होतं, आणि चढणारं माणूस घरात उरलेलं नाही. मान कोण धरणार हे विचारतोय म्हणजे भावकीत काहीतरी चालू आहे आणि आपण नसताना हक्क जाईल ही धास्ती त्याला आहे, गोळीची नसेल एवढी.

प्रश्नांची वही भरत गेली की एकच प्रश्न तीन पत्रांत परत परत दिसायला लागतो, आणि चौथ्या पत्रात तो गायब. म्हणजे मधे घरून उत्तर आलं. घरून गेलेली पत्रं तर सहसा उरत नाहीत, फौजी माणूस कुठे कुठे घेऊन फिरणार, तेव्हा घरच्यांनी काय लिहिलं ते त्याच्या प्रश्नांवरूनच काढावं लागतं. "गाय विकली ते बरे केले" ही ओळ म्हणजे आजीच्या हरवलेल्या पत्राची एक ओळ आहे. ती वेगळ्या रंगाने लिहा.

पलटणीतले शब्दही टिपत जा: बडा खाना (पलटणीचं जेवण), बडा दिन (नाताळ), लंगर (स्वयंपाकघर), फालतू (जादा), रंगरूट (नवा भरती झालेला). बड्या दिनाला गोऱ्या साहेबांनी जवानांना काय दिलं हे मात्र मोकळेपणाने लिहिलेलं सापडतं, कारण त्यावर सेन्सॉरला काय आक्षेप असणार. काळी शाई फासलेली किंवा कात्रीने कापलेली जागा असेल तर ती उजेडाला धरून वाचायच्या नादाला फार लागू नका, गावाचं किंवा बोटीचं नावच असायचं बहुधा.

स्कॅन

हे पटकन सांगतो. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर रंगीत, ३०० डीपीआय, बारीक अक्षर आणि एअरग्राफला ६००. दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा, आणि पाकीट. मूळ प्रत टिफमध्ये, व्हॉट्सॲपवर पाठवायची ती जेपीजी. वरून कागद ओढून घेणाऱ्या फीडरच्या मशीनमध्ये घालू नका. मोबाईलनेच करायचं तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाईल कागदाला समांतर. पुसट पेन्सिलीवर बॅटरीचा उजेड बाजूने आडवा टाका, पेन्सिलीचे दाब उठून दिसतात. आणि गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रंगांचे चॅनेल सुटे करून बघा, तपकिरी शाई निळ्या चॅनेलमध्ये काळी दिसते, जांभळी कॉपिंग पेन्सिल हिरव्या चॅनेलमध्ये. फाईलला नाव वर्ष-महिना-दिवस-पाकीट नंबर असं द्या, नाहीतर हजार फोटोंत कायमचं हरवलं. तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावी.

ठेवायचं कुठे

माळा नको, कौलातून गळतं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, ओल येते. जमिनीवर नको, वाळवी आणि पूर दोन्ही. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला खण, ही जागा बरी. पत्रं शक्यतो घडी उघडून सपाट, ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरात, पीव्हीसीची फाईल नको, ती चिकटते. ॲसिड-फ्री कागद मिळाला नाही तर जुनं धुवट पांढरं सुती कापड चालेल. जुन्या लोकांचं लाल फडकं दिसायला छान पण दमट हवेत त्याचा रंग कागदावर उतरतो.

सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की गरम करून परत वापरा. वेखंडाची पुरचुंडी आपल्याकडे घालतातच, घाला, पण ती डब्याच्या कोपऱ्यात, कागदाला टेकता कामा नये. डांबरगोळ्याही कागदापासून लांब. कसर लागलेली दिसली तर गठ्ठा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर एक अख्खा दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ कागदावर बसते. वर्षातून दोनदा, शिमग्याआधी आणि दिवाळीनंतर, एकेक पाकीट बघून घ्यायचं.

पलटणीचा माग

पाकिटावरचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, गाव एवढं मिळालं की मराठा लाईट इन्फन्ट्रीसाठी बेळगावला आणि महार रेजिमेंटसाठी सागरला रेकॉर्ड ऑफिसला लिहा. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली, तेव्हा त्या काळच्या पत्रावर बेळगाव बघून मराठा पलटण असं धरून चालू नका. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड तिन्ही जिल्ह्यांत आहे.

माणूस परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर नाव फुकट शोधता येतं. इटलीतले कासिनोच्या स्मारकावर, बर्मातले रंगूनजवळ, सिंगापूर-मलायाकडचे क्रांजीला, मेसोपोटेमियातले बसऱ्याला. स्पेलिंग साहेबाच्या कानाने केलेलं असतं, जाधवचं टोक ओ ने संपतं, पवारचा पोवार होतो, तेव्हा नावाआधी गाव किंवा बापाचं नाव टाकून बघा. पहिल्या महायुद्धाचं मेडल असेल तर त्याच्या कडेवर भिंग धरा, नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. गावात देवळाजवळ किंवा जुन्या चावडीवर "या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके कामी आले" अशी इंग्रजी संगमरवरी पाटी असेल तर तिचा फोटो या फाईलबरोबरच ठेवा.

घरातल्यांना बरोबर घ्या

पत्रांचा मालक कोण हा वाद सुरू व्हायच्या आतच सगळ्यांना स्कॅनची कॉपी देऊन टाका, मग मूळ गठ्ठा एका कोरड्या घरात राहायला कोणाची हरकत राहत नाही. सगळ्यांना दाखवायच्या आधी मात्र एकदा स्वतः पूर्ण वाचा. उसनवारी, जमिनीचा वाद, एखाद्या आत्याच्या लग्नात काय बिनसलं, हे सगळं त्यात असतं आणि ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतात. अलीकडची पत्रं असतील, कारगिलची वगैरे, तर युनिट, जागा, सोबत्यांची नावं असलेली पानं फेसबुकवर टाकायची नाहीत, ज्याने लिहिलं त्याला आधी विचारायचं.

गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हा प्रश्नांची वही बाहेर काढा. पत्र वाचून दाखवलंत की म्हाताऱ्या डोळे पुसत बसतात आणि पुढे काही बोलत नाहीत, पण "काळी गाय कोणाला विकलेली?" असं विचारलंत की आत्या आणि मोठी काकी दोघी एकदम बोलायला लागतात आणि दोघींचं वेगवेगळं निघतं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मधे पाटावर ठेवा, भांडण झालं तरी थांबवू नका, आणि रेकॉर्डिंगच्या फाईलला त्या पाकिटाचाच नंबर द्या.